कुरणातलं कोडं आणि ताटातलं सोयाबीन

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियातले मेंढीपालक हवालदिल झाले होते. कुरणं हिरवीगार होती, मेंढ्या अंगानं भरलेल्या होत्या, पण कोकरं जन्मत नव्हती. ज्या मेंढ्या गाभण राहत, त्यांतल्या कित्येक विताना अडत. काहींचं मायांग बाहेर येई. कधीही न व्यालेल्या माद्यांच्या कासेत दूध उतरू लागलं. खच्ची केलेल्या नरांच्या सडांतूनही दूध येताना दिसलं, तेव्हा हा नेहमीचा रोग नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

बेनेट्स, अंडरवूड आणि शियर या तीन संशोधकांनी १९४६ मध्ये या प्रकाराचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. संसर्गाचा माग कुठेच लागत नव्हता. लागला तो चाऱ्याचा. या मेंढ्या महिनोन्‌महिने जवळजवळ एकाच वनस्पतीवर चरत होत्या. तिचं नाव सबटरेनियन क्लोव्हर. आपल्याकडे गाईम्हशींना घातल्या जाणाऱ्या बरसीमची ही सख्खी बहीण. फुलोरा संपला की भुईमुगासारखी आपलं बी जमिनीत पुरून ठेवणारी. जमिनीचा कस वाढवते, जनावर आवडीनं खातं, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी ती हजारो एकरांवर पेरली होती. पुढच्या संशोधनातून तिच्या पानांतल्या फॉर्मोनोनेटिन नावाच्या द्रव्याकडे बोट दाखवलं गेलं. मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याचं रूपांतर आधी डेडझीनमध्ये आणि मग इक्वॉलमध्ये करतात. हे इक्वॉल मेंढीच्या शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागत होतं.

आज सोयाबीनचं दूध, टोफू, जवस आणि ‘पाळी जाण्याच्या वयात घ्यावयाच्या’ नैसर्गिक गोळ्या यांच्याभोवती जी चर्चा चालते, तिचं मूळ या कुरणात आहे. ‘सोयाबीन खाल्लं तर पुरुषांचं पुरुषत्व जातं’ ही भीती आणि ‘सोयाबीन खाल्लं की बायकांचे सगळे त्रास मिटतात’ ही आशा, दोन्ही एकाच गोष्टीतून उगवल्या: वनस्पतींमध्ये इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात. त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन किंवा फायटोइस्ट्रोजेन म्हणतात.

यांचे मुख्य तीन गट आहेत. पहिला आयसोफ्लेव्होनचा, जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यातली ठळक नावं, आणि त्यांचा सर्वांत मोठा साठा सोयाबीनमध्ये. हरभऱ्यासारख्या इतर कडधान्यांतही ती असतात, पण सोयाबीनच्या तुलनेत फारच थोडी. दुसरा गट लिग्नानचा. त्यात जवसाचा हात कुणी धरू शकत नाही. त्याखालोखाल तीळ, आणि मग कोंड्यासकट खाल्लेली धान्यं. तिसरा कुमेस्टनचा. त्यातलं कुमेस्ट्रॉल लसूणघासात आणि क्लोव्हरच्या मोडांत सापडतं. गंमत अशी की जेनिस्टीन पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते १८९९ मध्ये, पिवळा रंग देणाऱ्या एका युरोपीय झुडपातून. त्या वेळी ‘संप्रेरक’ हा शब्दसुद्धा शास्त्राच्या कोशात आलेला नव्हता.

वनस्पतीला याची गरज काय? याचं उत्तर लातूरच्या किंवा वाशीमच्या सोयाबीनच्या शेतात मिळतं. पेरणीच्या आधी शेतकरी बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू संवर्धक चोळतात. महिन्याभराचं रोप उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी दिसतात, आणि चांगली गाठ फोडली की आत गुलाबीसर रंग असतो. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू त्या गाठींत राहतात. त्यांना मुळाकडे बोलावण्यासाठी सोयाबीनचं रोप जमिनीत जी रासायनिक हाक घालतं, ती डेडझीन आणि जेनिस्टीनचीच. बुरशीचा किंवा किडीचा हल्ला झाला की याच कुळातली द्रव्यं संरक्षणालाही धावून येतात. म्हणजे हा सगळा कारभार झाडाचा स्वतःचा आहे. या रेणूचा आकार आपल्या इस्ट्रोजेनशी मिळताजुळता निघाला, म्हणून तो आपल्या शरीरातही शिरकाव करून घेतो.

शिरकाव कसा होतो, ते शाळेतल्या वर्गावरून समजतं. पेशींमध्ये इस्ट्रोजेनसाठी राखीव खुर्च्या असतात. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. नेहमीच्या शिक्षकानं खुर्चीवर बसून वर्ग घ्यावा, तसं इस्ट्रोजेन ग्राहीवर बसून पेशीला कामाला लावतं. वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन हा बदली शिक्षक. तो त्याच खुर्चीवर बसू शकतो, पण त्याचा आवाज फार हळू. तरुण वयात शरीरात मूळ संप्रेरक भरपूर असतं, तेव्हा हा बदली शिक्षक खुर्ची अडवून बसला तर वर्गातली एकूण हुकमत थोडी कमीच होते. पाळी गेल्यावर मूळ शिक्षक जवळजवळ रजेवर गेलेला असतो. मग हळू आवाजाचा बदली शिक्षकही थोडंफार काम करून जातो. एकच द्रव्य एका वयात लगाम आणि दुसऱ्या वयात टेकू ठरू शकतं, ते असं.

१९९६ मध्ये या चित्रात आणखी एक तपशील भरला गेला. तोवर इस्ट्रोजेनचा एकच ग्राही माहीत होता. स्वीडनमधल्या संशोधकांनी दुसरा शोधला आणि पहिल्याला अल्फा, दुसऱ्याला बीटा अशी नावं पडली. स्तन आणि गर्भाशय यांत अल्फाचं राज्य मोठं, तर हाडं, रक्तवाहिन्या, प्रोस्टेट अशा ठिकाणी बीटाचं काम महत्त्वाचं. सोयाबीनमधलं जेनिस्टीन अल्फापेक्षा बीटावर अधिक सहज बसतं. म्हणून त्याला सरसकट ‘इस्ट्रोजेन’ म्हणून मोकळं होणं शास्त्राला धरून नाही.

शरीर कुणाचं आहे, यावरही बरंच ठरतं. १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या चित्त्यांना यकृताचे विकार होत होते आणि त्यांची वीणही नीट होत नव्हती. केनेथ सेचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की चित्त्यांच्या तयार खाद्यात सोयाबीन होतं आणि त्यामुळे रोज आयसोफ्लेव्होन त्यांच्या पोटात जात होती. मांजरवर्गी प्राण्यांच्या यकृताला असली द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणं जड जातं. खाद्य बदलून कोंबडीचं मांस सुरू केल्यावर यकृताच्या चाचण्या सुधारल्या. माणसाच्या यकृताचं तसं नाही. ते बहुतांश आयसोफ्लेव्होनना दुसऱ्या रेणूची जोड देऊन त्यांची धार बोथट करतं आणि लघवीवाटे बाहेर पाठवतं. मेंढीचं किंवा चित्त्याचं उदाहरण थेट माणसाला लावता येत नाही, याचं हे साधं कारण.

माणसामाणसांतही फरक आहेच, आणि तो आतड्यात दडलेला आहे. इक्वॉल पहिल्यांदा सापडलं १९३२ मध्ये, गाभण घोडीच्या लघवीत. म्हणूनच त्याच्या नावात घोड्याची खूण आहे. पन्नास वर्षांनी, १९८२ च्या सुमारास, ते माणसाच्या लघवीत ओळखलं गेलं आणि त्याचा माग सोयाबीनच्या आहारापर्यंत पोचला. पण सोयाबीन खाणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात इक्वॉल तयार होत नाही. ते तयार करतात आतड्यातले ठरावीक जिवाणू. पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के लोकांत ही क्षमता दिसते, तर जपान, कोरिया, चीनमध्ये ५० ते ६० टक्के लोकांत. जवसाचंही तेच. त्यातलं लिग्नान आतड्यातल्या जिवाणूंच्या हातून गेल्यावरच एन्टेरोलॅक्टोन बनतं, आणि प्रतिजैविकांचा कोर्स घेतलेल्यांच्या रक्तात त्याचं प्रमाण कमी आढळतं, असं फिनलंडमधल्या अभ्यासात दिसलं आहे. दोन जावा एकाच ताटात जेवल्या तरी दोघींच्या रक्तात वेगवेगळा हिशेब उतरू शकतो.

आता प्रमाणाकडे वळायला हवं, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज प्रमाण विसरल्यानं होतात. जपानमध्ये पारंपरिक आहारातून रोज साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पोटात जातात. अमेरिका-युरोपातल्या सर्वसाधारण आहारातून ३ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये वाण आणि जमिनीप्रमाणे १०० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास आयसोफ्लेव्होन असतात. महाराष्ट्रात कित्येक घरी दहा किलो गव्हात एक किलो भाजलेलं सोयाबीन घालून दळण आणलं जातं. त्या पिठाच्या एका पोळीत अडीच-पावणेतीन ग्रॅम सोयाबीन येतं. दिवसाच्या चार पोळ्यांतून पंधरा मिलिग्रॅमच्या आगेमागे आयसोफ्लेव्होन मिळतात. ही मात्रा जपानी जेवणापेक्षा कमीच आहे.

आणि महाराष्ट्र सोयाबीनचा बालेकिल्ला असला, तरी मराठी माणसाच्या पोटात सोयाबीन जातं ते मुख्यतः तेलाच्या रूपानं. रिफाइंड सोयाबीन तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतातच. तेल काढल्यावर ती मागे राहतात पेंडेत, आणि पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी. सोया वड्या त्याच तेल काढलेल्या पिठाच्या. त्यांत आयसोफ्लेव्होन असतात, पण वड्या उकळून, पिळून पाणी टाकून दिलं की काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. ‘सोयाबीनचं तेल वापरतो म्हणून काही होईल का’ असा धसका घेतलेल्यांनी तो सोडून द्यायला हरकत नाही.

स्त्रियांच्या आरोग्याकडे येताना २००२ सालाची आठवण ठेवावी लागते. त्या वर्षी अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांचा भाग वेळेआधीच थांबवावा लागला. १६,६०८ स्त्रियांच्या या चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. जगभर स्त्रियांनी संप्रेरकांच्या गोळ्या सोडल्या आणि ‘नैसर्गिक’ पर्यायांचा बाजार उघडला. अंगातून अचानक वाफा निघणं, रात्री घामानं जाग येणं, चिडचिड, या त्रासांतून सुटका शोधणाऱ्या स्त्रीला ‘वनस्पतीतलं इस्ट्रोजेन’ हे शब्द दिलासा देणारच.

हा दिलासा कितपत खरा? २०१२ मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यात सोया आयसोफ्लेव्होनमुळे गरम वाफांची संख्या नकली गोळीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी अधिक घटल्याचं दिसलं. दिवसाला दहा वेळा वाफा येणाऱ्या बाईला आठ वेळा येतील, इतका हा फरक. काहींना तो मोलाचा वाटेल, काहींना जाणवणारही नाही. हाडांच्या बाबतीत मात्र निराशा पदरी आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत २४८ स्त्रियांपैकी एका गटाला दोन वर्षं रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या दिल्या गेल्या. हाडांची झीज त्यानं थांबली नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होण्याची चिंता असेल, तर चालणं, वजन उचलण्याचा व्यायाम, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांना सोयाबीनच्या गोळीचा पर्याय नाही.

सर्वांत मोठी धास्ती स्तनाच्या कर्करोगाची. हे दुखणं झालेल्या कित्येक स्त्रियांना घरचे लोक, कधी कधी डॉक्टरही, सोयाबीन पूर्ण बंद करायला सांगतात. प्रयोगशाळेतल्या काही प्रयोगांत जेनिस्टीननं कर्कपेशींची वाढ केली होती, त्यातून हा सल्ला आला. माणसांमधला पुरावा वेगळं बोलतो. चीनमधल्या शांघाय शहरात स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक सोयाबीन खाणाऱ्या गटात मृत्यूचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी आणि रोग उलटण्याचा धोका ३२ टक्क्यांनी कमी होता. टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असलेल्यांमध्येही नुकसान दिसलं नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. सोयाबीननंच त्या बायका वाचल्या असं त्यावरून म्हणता येत नाही. पण आजारानं आधीच खचलेल्या बाईच्या ताटातून साध्या सोया वड्यांची भाजीही काढून घ्यावी, याला आधार नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाबीनचे पदार्थ खाणं सुरक्षित मानते.

पदार्थ आणि गोळी यांत मात्र फरक करावाच लागतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये रजोनिवृत्तीच्या आसपासच्या आणि नंतरच्या स्त्रियांसाठी असलेल्या आयसोफ्लेव्होन गोळ्यांचा आढावा घेतला. नेहमीच्या मात्रेत स्तन, गर्भाशय किंवा थायरॉइडला अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पण इटलीतल्या एका चाचणीत पाच वर्षं रोज १५० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी काहींच्या गर्भाशयाच्या अस्तराची प्रमाणाबाहेर वाढ झाली होती. ती कर्करोगाची नव्हती, तरी दुर्लक्ष करण्याजोगीही नव्हती. दुकानातून ‘हर्बल’ म्हणून आणलेली बाटली वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता घेत राहणं धोक्याचं आहे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पुरुषांची भीती बऱ्याच अंशी एका रुग्णकथेवर पोसली गेली आहे. अमेरिकेतल्या ६० वर्षांच्या एका गृहस्थाची छाती सुजली, दुखू लागली, रक्तातलं इस्ट्रोजेन वाढलं. ते रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होते. दूध थांबवल्यावर दुखणं गेलं आणि संप्रेरकही पूर्ववत झालं. ही घटना २००८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. ती खरी आहे, आणि तिच्यातला ‘तीन लिटर’ हा आकडाही तितकाच खरा आहे. २०२१ मध्ये ४१ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. सोया किंवा आयसोफ्लेव्होन घेतल्यानं पुरुषांच्या टेस्टोस्टेरोनमध्ये वा इस्ट्रोजेनमध्ये लक्षणीय फरक पडल्याचं आढळलं नाही. तालमीत जाणाऱ्या मुलानं सोया वड्या खाल्ल्या, तर त्याच्या वडिलांनी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

सर्वाधिक सावधपणा हवा तो तान्ह्या बाळांबाबत. दुसरं काहीच न खाणारं बाळ केवळ सोयाच्या पावडरीवर असेल, तर वजनाच्या मानानं त्याला प्रौढांपेक्षा कितीतरी पट जास्त आयसोफ्लेव्होन मिळतात. दर किलो वजनामागे दिवसाला ६ ते ९ मिलिग्रॅम, असं १९९७ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. उंदरांच्या नवजात पिल्लांना जेनिस्टीन टोचल्यावर पुढे त्यांच्या गर्भाशयात दोष आढळले आहेत. लहानपणी अशा पावडरीवर वाढलेल्या माणसांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठे फरक दिसले नाहीत. स्त्रियांमध्ये पाळीचे दिवस किंचित जास्त होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानं याबाबतची चिंता ‘किमान’ पातळीची ठरवली. अर्थ असा की अंगावरचं दूध मिळत असताना अशा पावडरीकडे वळू नये. आणि एखाद्या बाळाला ती खरंच लागणार असेल, तर तो निर्णय बालरोगतज्ज्ञाचा असावा.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सोयाबीनमुळे आतड्यात या गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोया दूध किंवा सोयाबीनचा नाश्ता काही तासांनी करावा. आहारात आयोडीन पुरेसं असेल, तर निरोगी थायरॉइडला सोयाबीनपासून त्रास होत नाही. हृदयाच्या बाबतीतही पहिला उत्साह ओसरला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९९ मध्ये सोया प्रथिनाला ‘हृदयविकाराचा धोका कमी करणारं’ म्हणण्याची मुभा दिली. २०१७ मध्ये ती काढून घेण्याचा प्रस्ताव त्याच प्रशासनानं मांडला. दरम्यान २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं पाहिलं, तर अपायकारक कोलेस्टेरॉलमधली घट तीन टक्क्यांच्या आसपास होती. मटणाऐवजी किंवा तळणाऐवजी सोयाबीन ताटात आलं, तर फायदा होतो. पण त्याचं श्रेय कमी चरबी, जास्त तंतू आणि चांगली प्रथिनं यांनाही द्यावं लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांचं पुढे काय झालं? वनस्पतिशास्त्रज्ञांनी फॉर्मोनोनेटिन कमी असलेले क्लोव्हरचे वाण तयार केले आणि शेतकऱ्यांनी ते पेरले. तरीही जुन्या वाणांचं बी काही कुरणांत अजून टिकून आहे, आणि तिथले संशोधक पानं तपासून अशी शिवारं शोधत असतात. मेंढीला समोर आहे तेच खावं लागतं. मराठवाड्यातल्या एखाद्या घरात मात्र आजही दगडी खलबत्त्यात जवस, लसूण आणि मिरची कुटली जाते. अख्खा जवस पोटातून तसाच निघून जातो. कुटल्यावर तो पचतो आणि त्यातलं लिग्नान आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतं. ती चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर चमचाभर घेतली जाते, शेजारी वरण असतं, एखादी पालेभाजी असते. सोयाबीन असलंच तर ते दळणात मिसळलेलं, दहा किलोला एक किलो.